चौकाबाहेरचा ताड

वारल्यांच्या लग्नाचा चौक बघणारा माणूस सहसा मधल्या चौकटीपाशी थांबतो. थांबण्यासारखंच असतं तिथे. हातपाय फाकवून उभी असलेली पालघट, तिच्या अंगात भरलेल्या बारीक रेघा, भोवताली साखळीच्या आणि बाशिंगाच्या नक्षीचे पट्टे, वर सूर्य-चंद्र, बाजूला फणी आणि शिडी. ही देवी भिंतीवर आल्याखेरीज लग्न लागत नाही. चौकाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक तिच्याबद्दल, आणि तिचा मान तेवढा आहेच. मला मात्र चौकटीच्या बाहेर उभ्या असलेल्या एका झाडाबद्दल लिहायचं आहे. ते झाड ताडाचं. शेंड्याला मडकी टांगलेली असतात आणि खोडावर एक माणूस चढत असतो.

एखादा समाज आपल्या पेयाचं चित्र भिंतीवर लावतो, तेव्हा त्या चित्रात काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे कुणी ठरवलं, हे बघावं. त्यावरून त्या समाजाचं बरंच काही कळतं. चौकाबाहेरचा ताड या कसोटीवर मला फार मोठं चित्र वाटतो. तो का मोठा, हे सांगण्यासाठी आधी तो भिंतीवर येतो कसा ते पाहायला हवं.

चौक काढतात सुवासिनी. जागा घराच्या आतली, उजेड कमी असलेली. कारवीचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू. तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचे, पाणी घालून पातळ करायचे आणि बांबूच्या काडीचं टोक चावून तिची कुंचली करायची. रंग एकच, पांढरा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली-वरई पिकते, भात खाचरापुरता. अशा मुलखात तांदूळ वाटून भिंतीला देणं ही साधी गोष्ट नाही. ज्या धान्याला कणसरी म्हणून पुजायचं, त्याच धान्यातून देवीने भिंतीवर यायचं. रंग विकत आणलेला नसतो, कोठारातून काढलेला असतो, आणि चित्राचा सगळा भाव मला वाटतं इथूनच ठरतो. बायका काढत असताना धवलेरी गाणी म्हणते. लग्न लावणारीही तीच. वारल्यांमध्ये लग्नाचे विधी एका बाईच्या तोंडून होतात, हे आपण शहरातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा लक्षात घ्यावं असं आहे. चित्राखाली सही नसते. चार-पाच जणींचे हात एकाच भिंतीवर फिरलेले असतात आणि कुठली रेघ कुणाची ते नंतर त्यांनाही सांगता येत नाही.

चौकट आधी येते, देवी मग. शेजारच्या देवचौकात पंचशिऱ्या हा देव येतो. त्याला डोकं नाही, मानेतून धान्याची पाच कणसं फुटलेली. हे सगळं झालं की उरलेल्या भिंतीवर बायका मोकळ्या होतात. नियमांची बंधनं चौकटीच्या आत; बाहेर गाव. वाजंत्री येतात, नाचणारे येतात, घोड्यावरचे नवरानवरी येतात, मोर, खेकडे, साप, माकडं, झाडं. आणि या झाडांत ताड.

आता त्याच्याकडे जवळून पाहू. खोड म्हणजे दोन उभ्या रेघा, थोड्या वाकड्या, कारण काडी हातात धरून उंच रेघ ओढताना मनगट वळतंच. त्या दोन रेघांच्या मध्ये आडव्या छोट्या रेघा: चढण्यासाठी पाडलेल्या खाचा. शेंड्याशी एका ठिकाणाहून सुटलेल्या पुष्कळ रेघा, ही पानं. पानांच्या खाली, देठांच्या बगलेत, लहान लहान गोल. ती मडकी. ताडाच्या फुलोऱ्याला रोज पातळ काप द्यावा लागतो. त्या कापातून रस झरतो आणि खाली बांधलेल्या मडक्यात ठिबकतो. पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड. ऊन चढलं की तीच आंबते आणि ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं थांबतं. चित्रातल्या गोलात चुना दिसत नाही, नीरा की ताडी तेही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की प्रत्येक गोल देठाशी रेघेने नीट बांधलेला आहे. मडकं हवेत सुटं काढलेलं मला कुठे आढळलं नाही. काढणाऱ्या बाईला माहीत असतं की ते बांधलं नाही तर पडेल.

आणि मग तो चढणारा. वारली आकृतीचं शरीर दोन त्रिकोणांचं, टोकाला टोक लागलेलं, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. नाचणाऱ्या आकृतीत ते टोक म्हणजे कंबर, आणि तिथूनच नाचाचा डौल निघतो. ताडावर चढणाऱ्याच्या बाबतीत तेच टोक दुसरं काम करतं. वरचा त्रिकोण खोडाच्या बाजूला झुकतो, खालचा मागे राहतो. दोन्हींच्या मधल्या कोनातून पाठीचा बाक, ताणलेले खांदे आणि पायांवर पेललेलं सगळं वजन कळतं. एक हात वर, एक खाली. चेहरा नाही, नुसता वाटोळा ठिपका, तरी हा माणूस वर बघतो आहे याबद्दल शंका राहत नाही. वेगळी जागा, वेगळं साधन, वेगळा रंग काही न वापरता, नाचणाऱ्याचे तेच दोन त्रिकोण जरासे तिरपे करून बायकांनी त्याला कामाला लावलेलं आहे. रेखाटनाची ही समज कुठल्याही कलाशाळेच्या तोडीची आहे.

ताडावर चढण्याचं काम पुरुषांचं, ते चित्र मात्र बायकांनी काढलेलं. त्या ताडावर चढत नाहीत. खाली उभ्या राहून वर बघतात. नवरा, भाऊ, दीर पंचवीस-तीस हात उंच गेलेला असतो, शेवाळ्याने खोड निसरडं होतं, दोर जुना असतो. चित्रात मडक्यांपेक्षा चढणाऱ्यावर रेघ अधिक थांबलेली दिसते ती मला वाटतं या काळजीने. निदान मला तरी त्या रेघेत तीच दिसते.

या चित्रात काय नाही तेही सांगायला हवं. पिणारा नाही. चौकाच्या परिघात नाच आहे, वाजप आहे, कामं आहेत. पण मडकं तोंडाला लावून बसलेला माणूस लग्नाच्या चौकात शोधावा लागतो. ताडीचा अर्थ इथे झाड, चढणारा आणि बांधलेलं मडकं यांत संपतो. पुढे ती कोण पिणार हे सांगायची गरज काढणारीला वाटत नाही, कारण लग्नाला आलेला प्रत्येकजण तिचा धनी आहे.

याच्या शेजारी मला अमेरिकेतलं एक चित्र ठेवून बघावंसं वाटतं. १८९६ साली सेंट लुई शहरातल्या अनहायझर-बुश या बीअरच्या कंपनीने एक रंगीत शिळाछाप छापून घेतला आणि तो दारूच्या गुत्त्यांना वाटला. विषय होता १८७६ सालच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सेनापती कस्टर आणि त्याचे सैनिक लकोटा आणि शायेन लोकांच्या हातून मारले गेले तो प्रसंग. मूळ चित्र कॅसिली अ‍ॅडम्सचं, छापण्यासाठी ते नव्याने रचलं ऑटो बेकरने. या चित्रात बीअरचा एक थेंबही नाही. कंपनीचं नाव खालच्या पट्टीत. गुत्त्यातल्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं टांगलेलं राही, आणि संध्याकाळी कामावरून आलेली माणसं त्याच्याखाली उभं राहून कोण कुठे पडलाय, कुणाची तलवार कशी आहे यावर वाद घालत. त्या काळातल्या दुसऱ्या छापांत कारखाना दाखवलेला असे: उंचावरून पाहिल्यासारखा, धुराड्यांतून धूर, दारात पिंपांनी लादलेल्या घोडागाड्या. मिलवॉकीच्या पाब्स्ट आणि श्लिट्झ या कंपन्यांच्या नावाने असे देखावे घराघरांत आणि गुत्त्यागुत्त्यांत गेले. ही चित्रं जाहिरातीची होती खरी, पण फुकट मिळणारी मोठी रंगीत चित्रं म्हणून त्या समाजाच्या भिंतीवर ती मानाने राहिली, आणि लोकांना एकत्र उभं करून बोलायला लावण्याचं काम त्यांनी केलं. ते कमी लेखू नये.

आपल्याकडेही त्याच सुमारास हे घडत होतं. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत आणि दुकानांच्या गल्ल्यावर पोहोचल्या. नंतर साबणाच्या, ग्राइप वॉटरच्या कंपन्यांनी अशीच चित्रं कॅलेंडरवर छापून वाटली. देवीचं चित्र वर, कंपनीचं नाव खाली, आणि लोकांनी कंपनीचं नाव कापून देवी चौकटीत बसवली.

कस्टरच्या छापात मला सगळ्यात बोचतं ते आदिवासींचं चित्रण. जिंकलेले ते आहेत, तरी चित्रात ती एक गर्दी आहे. नाव कस्टरचं, मध्यभागी कस्टर, मरणाचा गौरव त्याचा. ज्यांचा मुलूख होता त्यांनी ते चित्र काढलेलं नव्हतं आणि ते टांगलं जात होतं त्या भिंतीही त्यांच्या नव्हत्या. वारल्यांच्या चौकात काढणारा हात आणि भिंत दोन्ही त्यांच्या घरची. ताडाचं झाड मध्यभागी नाही, पण त्याच्यावर चढणारा गर्दीतला कुणी नाही. तो एकटा, पूर्ण दिसेल असा काढलेला आहे. आदिवासींनी स्वतःचं चित्र स्वतः काढलं की काय होतं, ते इथे पाहायला मिळतं.

लग्नात ताड का, हा प्रश्न विचारायला हवा. भात कापून झालं, झोडणी झाली, घरात दाणे आले की लग्नांचे दिवस सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. ताडीचा हंगामही हाच. पण तेवढंच कारण नाही. ताड लावला तर रस द्यायला त्याला बारा-पंधरा वर्षं तरी लागतात, कधी त्याहून जास्त. ज्याने लावला त्याच्या पोराच्या लग्नात तो उपयोगी पडतो. पिढी पुढे जाण्याच्या समारंभात हे झाड उभं राहणं अगदी रास्त आहे. त्याची पानं छपराला लागतात. तारपा हे वाद्य भोपळा, बांबू आणि मेणाचं, पण त्याचा पुढचा लांब कर्णा ताडाच्या पानाचा गुंडाळलेला असतो. म्हणजे चौकाशेजारी गोल फिरणारे नाचे, त्यांच्या मधला तारपेवाला आणि बाजूचा ताड हे तिघं एकमेकांशी बांधलेले आहेत. ताडाचा आवाज नाचाच्या मध्यभागी आहे आणि ताडाचा रस नाचणाऱ्यांच्या पोटात आहे. चित्रात ही गोष्ट कुणी बोट दाखवून सांगत नाही. शेजारी शेजारी काढलेली असते, बघणाऱ्याने जुळवायची.

आणि पिण्याआधी धरतरीला थेंब. वारल्यांच्या विधींत दारू-ताडीचे थेंब भुईवर सोडले जातात, हिरवा, हिमाई या देवांना, पितरांना आठवलं जातं. मग बाकीच्यांचा वाटा. ताडी ही इथे कुणाच्या मालकीची वस्तू म्हणून येत नाही. ती आधी भुईची, मग देवांची, मग पाड्याची. चौकाबाहेरचा ताड हे त्या वाटपाचं चित्र आहे, असं मी मानतो.

हे वाटप कायद्याने मोडलं. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. छेद द्यायच्या प्रत्येक ताडामागे कर द्यायचा, परवाना घ्यायचा, दारू गाळायची ती सरकारने मान्य केलेल्या भट्टीत, विकायची ती मक्तेदाराच्या दुकानात. जव्हारला तेव्हा मुकण्यांचं संस्थान होतं, पण मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात मोडत होता. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांचाही कायदा झाला, फुलांच्या साठ्यावर आणि व्यापारावर निर्बंध आले. मोहाचं फूल म्हणजे फक्त दारू नव्हे. टंचाईच्या दिवसांत वाळवलेली मोहाची फुलं उकडून, भाजून खाऊन माणसं तग धरत. दारात पडणारं फूल वेचणं आणि परसातल्या झाडाला मडकं बांधणं या दोन्ही गोष्टींना सरकारची परवानगी लागू लागली.

पुढचं मांडताना लिहिणाऱ्याचा हात जड होतो. लग्न तर व्हायलाच हवं. दारू हवी, कपडे हवेत, नवरीच्या बापाला द्यायचं देज हवं. पैसा सावकाराकडे. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. डी. सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली, तिच्यात या गुलामीची नोंद आहे. आणि गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्या कुणालाही लग्नगड्याची ओळख सांगावी लागत नाही. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला त्याच्या मुळाशी ही कर्जं होती. ज्या भिंतीवर सुवासिनी तांदळाने ताड काढत होत्या, त्याच भिंतीच्या आड बसलेला नवरा दुसऱ्या दिवसापासून सावकाराचा होणार होता. चौकात हे नाही. चौक हा मंगल विधी आहे, त्यात लग्नगडी येऊ शकत नाही. पण आपण चौक वाचताना त्याला विसरू शकत नाही. मडकं बांधायलाही कर द्यावा लागत असताना बायकांनी भिंतीवर ते मडकं कुणालाही न विचारता बांधलं, या साध्या गोष्टीला मी फार मोठी किंमत देतो.

वारली समाजाने दारूचा विचार केला नाही असं कुणी समजू नये. १९२२ साली ठाण्याच्या किनारपट्टीवरून एक देवी निघाली. ती अंगात येई, माणसांना जमवी आणि दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्यांच्या दारात जाऊ नका असं सांगे. डोंगरपट्ट्यात आणि दक्षिण गुजरातेत ती वणव्यासारखी पसरली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर एक सबंध पुस्तक लिहिलं आहे. दारूने घरं मोडतात हे पाड्यावरच्या बाईला शहरातल्या व्याख्यात्याने शिकवावं लागत नाही. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहाची फुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. १८९२ ते २०२१. एका फुलासाठी एवढा काळ.

आणि भुकेचाही उल्लेख झाला पाहिजे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची नावं १९९२-९३ साली कुपोषणाने गेलेल्या बालकांमुळे देशभर गेली. तेव्हापासून बाहेरच्या माणसाच्या मनात या मुलखाचं चित्र तेवढंच आहे: रिकाम्या पोटाचं. ते चित्र खोटं नाही आणि ते विसरूही नये. पण ज्या घरांनी तांदळाने भिंती रंगवल्या, तीच ही घरं. उपाशी मुलखाने लग्नाच्या दिवशी भिंतीवर भरलेली मडकी काढली यात खोटेपणा नाही. लग्नाच्या दिवशी पाड्याला काय मिळालं पाहिजे, त्याचं हे हक्काने केलेलं मागणं आहे.

भिंतीवरचा ताड कागदावर कसा आला ते थोडक्यात सांगतो, कारण ही हकिगत पुष्कळांनी लिहिलेली आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणूच्या बाजूला चौक काढणाऱ्या बायकांना कागद आणि रंग दिले. त्यातून गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे पुढे आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. भिंतीवर सुवासिनींचा असलेला हात कागदावर बहुतांशी पुरुषांचा झाला. यशोधरा डालमियांनी १९८८ साली वारली चित्रांवर पुस्तक लिहिलं, तोवर हा बदल पक्का झालेला होता.

कागदावर ताडाचं नशीब पालटलं. भिंतीवर तो चौकटीच्या बाहेर होता. कागदावर चौकटच नव्हती. पालघट मागे पडली, कारण ती विधीची, विकायची नव्हे. आणि ताड, शेत, मासेमारी, तारपा हे सगळं पुढे आलं. जिव्या मशे आणि त्यांच्या नंतरच्यांच्या चित्रांत ताडावर चढणारा माणूस एका झाडावरून दहा झाडांवर गेला. कुठे तो वर मडकं काढतो आहे, कुठे खाली मडकी ओतून घेतात, कुठे कावडीत घालून गावाकडे निघालेत. भिंतीवर एका नजरेत सांगितलेली गोष्ट कागदावर सविस्तर झाली. मला दोन्ही आवडतात, पण निवड करायचीच झाली तर मी भिंतीवरचा ताड घेईन. तिथे त्याच्या शेजारी देवी आहे, आणि वाटा कुणाकुणाचा ते देवीशिवाय सांगता येत नाही.

मग पेयांची जाहिरात या चित्रापाशी आली. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने घरी परत या अशा अर्थाची मोहीम केली आणि तिच्यासाठी वारली शैलीच्या आकृत्या वापरल्या. एकत्र येणं, घर, आनंद हे सांगायला या आकृत्या सोयीच्या वाटल्या असणार, आणि त्या तशा आहेतही. पण लक्षात घ्या की एकत्र येण्याचा जो गोडवा त्या आकृत्यांत आहे तो कुठून आला. तो आला थेंब आधी भुईवर सोडण्यातून, दाणे आधी भिंतीला देण्यातून, चार जणींनी सही न करता एक चित्र पुरं करण्यातून. बाटलीवर आकृत्या येतात, ही रीत येत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने. म्हणजे ही चित्रं कुणाची, या प्रश्नाचं उत्तर आता कायद्याच्या कागदावरही आहे.

शहरात आज उड्डाणपुलाच्या खांबांपासून हॉटेलच्या जिन्यांपर्यंत वारली आकृत्या दिसतात. बहुतेक ठिकाणी नाचाचं वर्तुळ असतं, कारण ते ओळखू येतं आणि भिंत भरतं. ताड असलाच तर नारळाच्या झाडासारखा वाकवलेला, समुद्रकिनाऱ्याच्या देखाव्यात शोभावा असा. खाचा नसतात, मडकी नसतात, चढणारा नसतो. झाडावरचा माणूस गेला की त्या झाडाला ताड म्हणायचं कारणही उरत नाही. ज्यांना ही शैली शिकायची आहे, मग ते शाळेतले चित्रकलेचे शिक्षक असोत की हौशी, त्यांनी नाचाच्या वर्तुळाने सुरुवात न करता ताडावर चढणाऱ्या एका माणसापासून करावी असं माझं सांगणं आहे. दोन त्रिकोण कलते झाले की शरीर कामाला लागतं, हे ज्याच्या हाताला कळलं त्याला नाच आपोआप येईल. उलट्या वाटेने गेलेल्याला चढणारा कधीच जमत नाही, हे मी पुष्कळ भिंतींवर पाहिलं आहे.

जव्हार-मोखाड्याकडे लग्नसराईत जाण्याचा योग आला, आणि एखाद्या पाड्यावरून आमंत्रण मिळालं, तर जरूर जा. चौक आतल्या खोलीत असतो; घरच्या बायकांनी या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू नका, फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात ठेवा. देवीला नमस्कार करून झाल्यावर चौकटीच्या बाहेर बघा. ताड दिसला तर तो कुणी काढला ते विचारा, आणि सांगतील ती सगळी नावं लिहून घ्या.